अनुभव धागा: माघ-फाल्गुनात परसात काय लावता?

थंडी ओसरायला लागली की परसाकडे बघून एकच विचार मनात येतो: आता लावलेलं पावसाच्या आधी हाताला लागेल का? यूट्यूबवर 'फेब्रुवारीत लावायच्या भाज्या' अशा याद्या हव्या तेवढ्या सापडतात, पण त्या देशावरच्या काळ्या मातीसाठी नाहीतर उत्तरेकडच्या हवेसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे गोव्यात जांभी, आंबट माती. मार्चपासून उकाडा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात. मधले जेमतेम चार महिने, आणि त्यातही विहीर दर आठवड्याला खाली जात असते.

माझा स्वतःचा नियम सरळ आहे. आधी विहिरीत डोकावायचं, मग बियांच्या पुडीकडे बघायचं. एप्रिलअखेर किती पाणी उरतं ते घरच्या माणसांना ठाऊक असतं. तेवढ्या पाण्यात जगेल तेच लावायचं. पण पेडण्याचं परस वेगळं, सत्तरीचं वेगळं, पणजीतली गच्ची तर तिसरीच. म्हणून हा धागा. तुम्ही काय निवडता आणि का, ते लिहा. काय टाळता तेही लिहा, त्याचा उपयोग जास्त होतो.

ताळगाव

आमचं शेत भाताचं. कापणी झाली की तिथेच भाजीचे वाफे. वांगी, मुळा, नवलकोल हे सगळं थंडी पडायच्या आत लागलेलं असतं. फेब्रुवारीत नव्याने लावायची म्हणाल तर माझी पहिली पसंती तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. पंचवीस ते तीस दिवसांत ती उपटायला येते, म्हणजे पाणी संपायच्या आत तिचे दोन-तीन हात सहज निघतात. एवढ्या कमी मुदतीत ताटात येणारं दुसरं काही मला माहीत नाही.

बी खसखशीसारखं बारीक, म्हणून मूठभर बियांत चार-पाच मुठी कोरडी रेती मिसळून फेकायचं. नाहीतर एका जागी झुपका आणि दुसरीकडे टक्कल. वर मातीचा अगदी पातळ थर. वाफ्याच्या कडेने राख टाकायची, कारण मुंग्या बी पळवतात. पहिले काही दिवस पाणी झारीनेच, पाटाचं पाणी सोडलं तर बी वाहून कोपऱ्यात जमतं. आणि सगळा वाफा एकदम पेरायचा नाही. पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक पट्टा. माझ्या सासूबाई असंच करायच्या, आणि शिगम्याला पाहुणे आले तरी घरची भाजी कमी पडत नसे.

तांबड्या भाजीला ऊन भरपूर लागतं. माडाच्या सावलीत ती फिकी पडते आणि काडीसारखी वाढते. सावलीच असेल तर दुसरं काही निवडा.

पेडणे, खाडीजवळ

आमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. त्यामुळे 'पाणी किती' याच्या आधी 'पाणी कसं' हे बघावं लागतं. घेवडा, फरसबी खाऱ्या पाण्यावर तग धरत नाहीत: पानांच्या कडा करपतात आणि फूल गळतं. पालक, बीट, तांबडी भाजी त्या मानाने सोसतात. मी फेब्रुवारीत त्यांचेच वाफे करतो, आणि पाणी पूर्ण खारावण्याआधी काढून मोकळा होतो.

खाडीकाठी राहणाऱ्यांना आणखी एक सांगावंसं वाटतं. थोडंथोडं पाणी रोज शिंपडण्यापेक्षा एकाआड एक दिवस भरपूर द्या. थोड्या पाण्याने मीठ वरच्या थरातच साचतं, भरपूर दिलं की मुळांच्या खाली उतरतं. त्यासाठी पाण्याचा निचरा चांगला हवा, म्हणून वाफे उंच करा. पानांवर मात्र हे पाणी मारू नका.

सत्तरी

वर ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडे माकडं येत नसावीत. आमच्याकडे निवड तीच करतात! काकडी, दुधी, मक्याची कणसं, भुईमूग, कोवळ्या शेंगा, काहीच राहत नाही. रात्री डुक्कर येऊन कणग्यांचे (कंदांचे) वेल उकरतो, सकाळी मोर कोवळी रोपं टिपतो. कुंपण, डबे, फटाके, सगळ्याला ती सरावतात.

म्हणून आता परसाचे दोन भाग केलेत. घराला लागून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल तिथे भेंडी आणि चवळी, कारण तिथे माणसांचा वावर असतो. लांबच्या भागात मिरची आणि कारली. त्यांच्याकडे माकडं सहसा वळत नाहीत. कारल्याचा मांडव फेब्रुवारीत चढवला की एप्रिलभर कारली मिळतात. हळद आणि सुरणही माकडं सोडतात, पण त्यांची वेळ आत्ता नाही, ते मे महिन्यात पावसाच्या तोंडावर. तोवर ती जागा उन्हात तापू द्यावी. रिकामी जमीन बघून काहीतरी लावायचा मोह होतो, पण तापलेल्या जमिनीत पुढे किडी आणि तण कमी होतं. उन्हाळ्यात काही न लावणं हीसुद्धा निवड आहे असं मी मानतो.

पणजी, गच्ची

विहीर नाही, नळाचं पाणी आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या. दुपारी लादी एवढी तापते की बादल्या विटांवर ठेवाव्या लागतात. टोमॅटो मी या दिवसांत लावत नाही. रात्री उकडायला लागलं की फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. त्याची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. आत्ता मायाळू, पुदिना, मिरची. मायाळूची बोटभर जाडीची काडी खोचली तरी वाढते आणि उकाड्यात खूश असते. पुदिना पूर्वेच्या भिंतीशी, दुपारच्या सावलीत.

कुडतरी, सासष्टी

वेलवर्गीय भाज्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. काकडी, दुधी, भोपळा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टोकले तर एप्रिलपासून फळं मिळतात. कलिंगडाला मात्र ही वेळ उशिराची वाटते. ते ऐंशी-नव्वद दिवस घेतं, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीतच आळी भरतात.

खूप जण विचारतात, फुलं भरपूर येतात पण काकडी एकही नाही, असं का? पहिली फुलं नराची असतात, धीर धरा. मादीच्या फुलामागे इवलीशी काकडी असते, ती दिसली की समजायचं. मधमाश्या कमी असतील तर नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे करून, मादीच्या फुलाला हलकेच लावायचं. काकडी-भोपळ्याचं हे काम सकाळी लवकर. पण दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे सकाळी जाऊन उपयोग नाही! माझ्या मामीने हे मला शिकवलं आणि त्यानंतर दुधीचा वेल माझ्याकडे कधी रिकामा राहिला नाही.

फळमाशीसाठी कामगंध सापळा (वासाने नर माश्या ओढणारा) टांगा, आणि फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची पिशवी घाला. डाग पडल्यावर काही करून फायदा नसतो.

फोंडा

भाजीचं घरात बाकीचे बघतात. मी फुलांची. अबोलीला अर्धी सावली चालते, कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) कडेला ती छान राहते, फक्त पायाशी पाणी तुंबता कामा नये. जानेवारीत मोगऱ्याची छाटणी केली, शेणखत घातलं आणि मग नियमित पाणी दिलं की उन्हाळाभर कळ्या. थोडी जागा भाजीवाचून ठेवा, देवाला आणि केसांत माळायला घरचं फूल असावं असं मला मनापासून वाटतं.

काणकोण

खोल्याच्या (खोला गावच्या) मिरचीची रोपं आत्ता मिळतील का, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी मिरची. रोपं पावसाच्या सुरुवातीला करतात. आत्ता तिची पिकलेली, निरोगी फळं निवडून बी वाळवायचं काम असतं. बी सावलीत वाळवा, राखेत घोळवून बाटलीत ठेवा. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायची) मिरची दळायला जाण्याआधी बियाण्याची बाजूला काढा, नाहीतर सगळी डब्यात जाते.

आच्छादनाबद्दल कोणी बोललं नाही. माडाची सोडणं पालथी करून रोपांच्या बुंध्याभोवती मांडा, वर वाळलेली पानं. जमीन थंड राहते आणि निम्म्या पाण्यात भागतं.

पर्वरी

भेंडीबद्दल विचारायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि शेंगा पांढुरक्या, कडक आल्या. यंदा लावावी का?

धागाकर्ता

पर्वरीच्या ताईंना: तो शिरांचा रोग, पांढरी माशी पसरवते, आणि उकाड्यात तिचा जोर वाढतो. भेंडी जरूर लावा, पण मार्चची वाट बघू नका. बी रात्रभर भिजवून याच आठवड्यात टोका, दोन रोपांत हातभर अंतर ठेवा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिला तोडा होतो. रोगाला तोंड देणारं वाण हवं असेल तर बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का अनामिका' मागा. आपली सात शिरांची लांब भेंडी पावसाळ्यासाठी राखून ठेवा, तेव्हा ती जास्त चांगली येते. पिवळ्या शिरांचं रोप दिसलं की लगेच उपटून परसाबाहेर टाका, बाकीची त्याने वाचतात.

डिचोली, सांगे, मुरगावकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. खाणीजवळच्या मातीत काय येतं हे मला खास जाणून घ्यायचं आहे. तिथल्या कोणी लिहिलं तर फार बरं होईल.