मदत हवी आहे: गेरूच्या चित्रांना काच की वार्निश?

पुण्यात बालगंधर्व कलादालनात लावायची मिक्स्ड मीडिया चित्रं होत आली आहेत. प्लायवर शेणमातीचा पातळ लेप, वर गेरू, जुन्या इरकलीचे काठ चिकटवलेले आणि ॲक्रिलिकच्या पांढऱ्या रेषा. रेषा वारलीवरून सुचल्या, पण पालघट देवीचा लग्नचौक (वारली लग्नात भिंतीवर काढतात ते पवित्र चित्र) उचललेला नाही. तो वारली लोकांचाच राहू दे.

अडचण गेरूची. बोट लावलं की हाताला येतो. डिंक जास्त झाला की पापुद्रे सुटतात, वार्निशने रंग काळपट पडतो, मातीचा कोरडेपणाच जातो. काच टेकली तर काठ दबतात. खोल बॉक्स फ्रेम करून देणारं कुणी आहे का? शक्यतो पेठांत, म्हणजे टेम्पो वाचेल.

आणि वारलीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, तर चित्राखाली 'वारलीवरून प्रेरित' लिहिलेलं चालतं ना? कुणी असं प्रदर्शन केलं असेल तर सांगा.