'डीग्रोथ'ला मराठीत काय म्हणावं?

चिंचोका:
एका दिवाळी अंकासाठी हरित अर्थशास्त्रावरचा लेख मराठीत करतोय. 'डीग्रोथ'पाशी गाडी अडलीय. मी 'विवृद्धी' लिहिलं होतं. संपादकबाईंनी लाल खूण करून बाजूला लिहिलं, "म्हणजे मंदीच ना? मग मंदी लिहा." पण ही मंदी नव्हे हो! मंदी अंगावर कोसळते, माणसं कामावरून जातात. हे ठरवून करायचं आहे. श्रीमंत देशांनी ऊर्जेचा आणि कच्च्या मालाचा वापर आपणहून उतरवायचा आणि ते करताना कामाचे तास, घरं, औषधपाणी यांची वाटणी नीट लावायची. शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर:
'विवृद्धी' आधी खोडा. तिथला 'वि' उलटा अर्थ देत नाही, जोर देतो. गीतेचा चौदावा अध्याय पाहा : लोभ, धडपड, हाव ही सगळी 'रजस्येतानि जायन्ते विवृद्धे', रजोगुण बळावला की उपजतात. लेख ज्या रोगावर औषध सांगतोय, त्या रोगालाच तुम्ही औषधाचं नाव दिलंत. 'वृद्धिसंकोच' करा.

आडवाट:
वृद्धिसंकोच हे काढ्याचं नाव वाटतं. शिवाय आमच्या घरी वृद्धी म्हणजे सोयर. कुणाकडे मूल झालं की आजी म्हणायची, "वृद्धी आलीय, देवाला शिवू नका."

मुक्काम लियों:
मूळ शब्द फ्रेंच आहे, 'देक्रवासांस'. 1972 साली तत्त्वज्ञ आंद्रे गोर्झ यांनी एका चर्चेत तो वापरला आणि 1979 मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्जेस्कू-रोगेन यांच्या निबंधांच्या फ्रेंच भाषांतराच्या नावातच तो आला. त्याचं क्रियापद इथे फ्रान्समध्ये रोजच्या बोलण्यातलं आहे. पुराचं पाणी असो की हिवाळ्याकडे लहान होत जाणारा दिवस, दोन्हींना तेच. मराठीत त्याच्या तोडीचं क्रियापद आहे : ओसरणे. नाम करून 'ओसर' म्हणा. पूर ओसरला याचं कुणाला वाईट वाटत नाही.

चिंचोका:
'ओसर' झकास. पण 'ओसरती अर्थव्यवस्था' म्हटलं की ठेवीदार बँकेपुढे रांग लावतील.

आडवाट:
आणि ओसरणं आपोआप होतं. तुम्हाला ठरवून हवंय. मग 'ओसरवणे' करावं लागेल, ते म्हणताना जीभ अडखळते.

सांजवात:
'ओसरी'सुद्धा ह्यातलीच बरं का. घर मागे सरकून पुढे जी मोकळी जागा राहते ती ओसरी.

बोरूबहाद्दर:
पुरावा?

सांजवात:
आजोबा सांगायचे.

बोरूबहाद्दर:
आजोबांना नमस्कार, पण कोशात त्यांची नोंद घेता येत नाही.

कोष्टी:
'डीग्रोथ'चं नंतर बघा, 'हरित'चं काय? आमच्या भागात हरित म्हणजे हरित क्रांती : संकरित ज्वारी, युरियाची पोती, बोअरवर बोअर. वडिलांना 'हरित अर्थशास्त्र' म्हटलं तर ते विचारतील, अनुदान किती टक्के? शहरातल्यांना हरित म्हणजे हरित लवाद. एकच शब्द, एकीकडे खत आणि दुसरीकडे खटला.
आणि वाढीचं म्हणाल तर 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी नेलं, ते आठवा. टँकरचं भाडं, डिझेल, पाण्याच्या बाटल्या, सगळं जीडीपीत जमा. गावातली विहीर भरलेली असती आणि बायांनी तिथूनच पाणी शेंदलं असतं, तर त्याची नोंद शून्य. कोरड पडली की वाढ दिसते, असा हा हिशेब. उपाय काय तर पाणी पिणारा ऊस कमी करा. त्याला ओसर म्हणा नाहीतर संकोच, कारखान्याच्या सभेत तोंडातून काढलात तर खुर्च्या उडतील.

आडवाट:
जीडीपीला पाठ्यपुस्तकात 'स्थूल देशांतर्गत उत्पादन' म्हणतात. स्थूल! मग डीग्रोथला 'रोडावणे' का नको?

बोरूबहाद्दर:
टिंगल पुरे. 'अर्थ' शब्दातच सगळं आहे. कौटिल्य म्हणतो, 'मनुष्याणां वृत्तिरर्थः', अर्थ म्हणजे माणसांची उपजीविका आणि माणसं राहतात ती भूमी. तिच्या पालनाचा उपाय ते अर्थशास्त्र. नफा त्यात नाहीच, तो शब्द आपल्याकडे अरबीतून आला.

मुक्काम लियों:
सूत्र अर्धंच का देता? पुढे 'लाभपालनोपायः' आहे. पालनाच्या आधी लाभ! आणि तो लाभ म्हणजे भूमी मिळवणं, शेजारच्या राजाची धरून. कौटिल्याला हरित करू नका. आधुनिक माणूस हवा तर गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा घ्या. टिकून राहणाऱ्या अर्थव्यवस्थेची मांडणी त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात केली, 1945 मध्ये ती छापली गेली. तिथे व्युत्पत्तीची कसरत करावी लागत नाही.

बोरूबहाद्दर:
पालन आहे हे तरी मान्य ना? बस्स.

सांजवात:
मला 'वाढ' सोडायचीच नाहीये. पंगतीत आपण वाढतो, तेव्हा भांड्यातलं कमी होतं आणि पानांत पडतं. वाढप म्हणजे वाटपच की! चिंचोका म्हणतात ती वाटणी त्यात आयती आली. आणि नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात. बांगडी वाढते, म्हणजे फुटते. हिंदीत दुकान 'बढाना' म्हणजे बंद करणं. वाढीचा शेवट आपल्या भाषेला आधीच ठाऊक होता.

चिंचोका:
'वाढपी अर्थव्यवस्था' लिहिलं तर बाई मलाच पंगतीतून उठवतील.

आडवाट:
बांगडी वाढते कुठे? आमच्याकडे पिचते.

सांजवात:
पिचते म्हणजे तडा जातो. तुकडे झाले की वाढली. फुटली म्हणणं अशुभ.

बोरूबहाद्दर:
तडा गेलेलीही काढून टाकताना 'वाढवली' म्हणतात. कोकणात मी स्वतः ऐकलंय.

आडवाट:
मगाशी आजोबा चालत नव्हते, आता तुमचे कान चालतात?

कोष्टी:
काचेच्या बांगडीचं काय ते ठरवा बुवा. आमच्याकडे उसाचं बिल थकलं की सोन्याच्या पाटल्या मोडतात, आणि त्याला सगळे मोडणंच म्हणतात.