शाळेतली गोळी घेऊनही लेकीला पुन्हा जंत, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. लेक सात वर्षांची, झेडपीच्या शाळेत दुसरीला. १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी दिली, बाईंनी समोर उभं करून चावून खायला लावली. आता तीन आठवडे होतायत आणि परत तेच. रात्री अकरा-साडेअकराला रडत उठते, "आई, शीच्या जागी खाजतंय." परवा मोबाईलची बॅटरी लावून बघितलं तर दोऱ्याच्या तुकड्यासारखे दोन पांढरे किडे वळवळत होते. अंगावर काटाच आला.

आत्या (सासूबाई) म्हणतात, गूळ खाते म्हणून. रोज वावडिंगाचं पाणी पाजतायत, पोरगी तोंड वेडंवाकडं करते. शीची तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल! गोळी वाया गेली का? लगेच दुसरी दिली तर चालेल? घरात आम्ही सहा जण, त्यात जाऊ दोन महिन्यांची गरोदर.

प्रतिसाद १:
ताई, मी पलूसकडची, आशाताई म्हणून काम करते. गोळी वाया गेली नाही. फेब्रुवारी-ऑगस्टची ती ४०० मिलिग्रॅमची गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते, एकदाच देतात. तुमचे सूतकृमी वाटतात. मादी रात्री बाहेर येऊन तिथंच अंडी घालते, म्हणून खाज रात्री. शीत अंडी क्वचितच सापडतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. खात्री हवी तर सकाळी उठल्याउठल्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथं दाबून लॅबला न्या.

गोळीनं किडे मरतात, अंडी उरतात. नखात, चादरीत ती दोन-तीन आठवडे तग धरतात. पोर खाजवतं, तेच बोट तोंडात जातं. म्हणून यात दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तोच तुमचा राहिलाय. तोही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा, नाहीतर फिरून येतं. मनानं आणू नका, आरोग्य केंद्रात विचारा. जाऊबाईंना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नको, पहिले तीन महिने ही गोळी टाळतात.

सकाळी उठल्यावर आधी अंघोळ, चड्डी रोज बदला, चादरी न झटकता गरम पाण्यात.

प्रतिसाद २:
गुळानं जंत होत नाहीत हो, अंडी पोटात जावी लागतात. आत्यांना कसं सांगायचं ते मात्र तुम्हीच बघा 😄

धागाकर्ती:
सांगितलं नाही. लेकीची नखं कापायला बसले आणि आत्यांचा हातही पुढं ओढला. घरातल्या भाकरी त्याच थापतात. उद्या सगळेच केंद्रात जातोय.