प्रति: एकरी उत्पन्न हाच निकष कसा?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीचं एकरी उत्पन्न आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू बाजरी-कापसाचं उत्पन्न एका तक्त्यात शेजारी ठेवलं की टिकाऊ शेती कोणती ते कळतं. अजिबात पटलं नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठिबक तर जवळपास प्रत्येक बागेत आहे. पण हे सगळं पिकतं तापीच्या गाळातल्या भूजलावर. ते पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातून मुरतं, आणि उपसा त्याहून जास्त आहे. आमच्या रावेरकडच्या नातेवाइकांच्या बोअरमधली मोटर दर दोन-चार वर्षांनी आणखी खाली सोडावी लागते. ठिबकनं वाचलेलं पाणी शेजारच्या वावरात नव्या केळीला जातं, मग वाचलं काय?

चर्चेत फड पद्धत, म्हणजे नदीचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, कुणीच काढली नाही, म्हणून लिहितो. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षांपासून बंधारा, पाट आणि फड (पाटाखालच्या जमिनीचा मोठा पट्टा) अशी सामायिक व्यवस्था चालत आली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) देणार, त्याला मेहनताना धान्यात. खरी मेख पुढे आहे: जवळपास प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडाच ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी. वरच्या भागात धरणं झाली, विहिरी वाढल्या, तसे बरेच फड मोडले. तरी दोन्ही भाग तोलायचे असतील तर दुष्काळी वर्षात पाणी कोण ठरवतं आणि कोणाचं तुटतं, हा रकाना तक्त्यात आधी घाला.