खंडाळ्याला ६१, खोपोलीला ६४ : हा आनंद की चिकटपणा?

मंदगती (धागालेखक)
परवा पुण्याहून दादरला गेलो. गाडी जुनी नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी. खंडाळ्याला ६१ टक्के चार्ज होता, घाट उतरून खोपोलीपाशी ६४. गाडी बारा-तेरा किलोमीटर पुढे गेली आणि बॅटरी वाढली! बायको म्हणाली, लॉटरी लागल्यासारखा काय हसतोयस?

तर मुद्दा असा. इलेक्ट्रिक गाडी कमीत कमी विजेत चालवण्यात एक खास मजा आहे आणि ती पैशाची नाही. लहानपणी सायकलवर सिग्नल लांबून लाल दिसला की पेडल मारणं थांबवायचं, आणि तो हिरवा होईपर्यंत पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. तोच खेळ. पुढच्या चौथ्या गाडीचा ब्रेकलाइट लागला की आपण पाय उचलायचा. पुण्यापासून दादरपर्यंत १०८ वॉट-आवर प्रति किलोमीटर पडलं (हजार वॉट-आवर म्हणजे एक युनिट). एसी चालू ठेवून, बरं का.

सुसाट_पनवेल
तीन टक्के म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. घरी चार्ज केलंत तर वडापावचेही पैसे सुटत नाहीत. त्यासाठी मधल्या लेनमध्ये सत्तरने रांगणार? मागचे लोक मग डावीकडून-उजवीकडून घुसतात. त्या हायवेवर लेन कापणाऱ्यांची आधीच कमी नाही, त्यात तुमच्यासारखे त्यांना निमित्त पुरवतात.

आणि इलेक्ट्रिक गाडीत मोटरचा सगळा जोर पहिल्या क्षणापासून हाताशी असतो. तो वापरायचाच नाही, तर पुरणपोळी आणून नुसता वास घेण्यासारखं झालं.

वीजवाला
सुसाट, वडापावचा हिशोब बरोबर, पण वेगाचा करून बघा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ला तो दीडपटीहून जास्त. एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा, म्हणजे वाचणार १४ मिनिटं, तीही रस्ता मोकळा मिळाला तर. खालापूरच्या टोलला ती कुठे जातात ते आपण सगळे जाणतोच.

आता मंदगती, तुमच्याकडे वळतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, दादर जवळजवळ शून्यावर. तुम्ही उतारावरून घरंगळत गेलात आणि आकडा मिरवताय. परतीचा सांगा की!

मंदगती
पकडलंत. परतीला १३९.

वीजवाला
वाटलंच. माणसं आणि सामान धरून गाडी साडेसोळाशे किलो धरली, तर खोपोलीहून खंडाळ्याला पाचशे मीटर चढायलाच सव्वादोन युनिटं लागतात. उतरताना त्यातलं निम्मंही परत येत नाही. काही टायर खातात, काही हवा, उरलेलं मोटर आणि बॅटरीच्या देवघेवीत जातं. तरी पेट्रोल गाडीत जे परत येतं तेही ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या अडथळ्यात गेलं असतं.

हेमांगी
गाडीत मागे कोण बसतं, याचा विचार इथे कुणी केलेला दिसत नाही. आमच्याकडेही असाच एक योगी आहे. रीजन (पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते, ते) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवून घाटात पाय उचल, दाब, उचल, दाब. अमृतांजन पूल होता तिथपर्यंत सासूबाईंना एक पिशवी, लेकीला दुसरी. तो मात्र पडद्यावरचा हिरवा पट्टा बघून खूश.

मंदगती
हेमांगीताई, मग ते चालवणंच चुकलं. रीजन म्हणजे सांडलेलं दूध फडक्याने टिपून पिळणं. मुळात सांडूच न देणं ही कला. पाय इतका हळू उचलायचा की मागे डुलकी लागलेल्याला कळू नये. सपाटीवर मी रीजन कमी ठेवतो आणि गाडी वाहू देतो.

सुसाट, सत्तरबद्दल तुमचं खरं आहे. मोकळ्या रस्त्यावर मी ८०-८५ ठेवतो आणि मागे रांग लागली की वाढवतो. ट्रकच्या शेपटीला चिकटून वीज वाचवणारे मलाही वेडे वाटतात.

कॅबवाला_विमाननगर
मी इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतो. तुमचा खेळ तो आमचा धंदा. गाडी घेताना कंपनीचा एका चार्जला ३१२ किलोमीटरचा आकडा ऐकला होता. तेवढी ती कधीच गेली नाही. सिग्नलच्या आधी पाय उचलायला मला बॅटरीनेच शिकवलं. पण ट्रॅफिकमध्ये हळू जाणं म्हणजे वाचवणं नाही. एसी एक किलोवॉट खात असेल तर ताशी २० च्या वेगात किलोमीटरमागे ५० वॉट-आवर नुसते गारव्याला जातात. आणि एसी बंद केला की पॅसेंजर एकच स्टार देतो.

अजून एक. लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका. बॅटरीत जागाच नसली तर रीजन जवळपास मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा माझी तंतरली होती.

सुसाट_पनवेल
हे शेवटचं कामाचं. बाकी मत तेच, मी शंभरनेच जाणार. पण काल ऑफिसहून येताना सहज तो वॉट-आवरचा आकडा बघितला तर १७१. जरा जास्तच वाटला. टायरमध्ये हवा किती ठेवता?

मंदगती
ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, सकाळी टायर गार असताना बघून. अॅव्हरेजच्या नादात जास्त भरू नका, पावसात पकड जाते.

हेमांगी
सुसाट, पिशव्या आत्ताच घेऊन ठेवा.