पार्सल अडकलं की फोनवर इंग्रजी: शिकावं की टाळावं?

अक्षरओळख (धागाकर्ती)
पार्सल परदेशातून येत असलं किंवा कुरिअरचं मदतकेंद्र दुसऱ्या देशात असलं, की फोनवर समोरचा माणूस इंग्रजीतच बोलतो. अशा वेळी 'आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा' हा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. पार्सलच्या फोनला व्याकरण जवळपास लागत नाही. लागतात सव्वीस अक्षरं, दहा आकडे आणि वीसएक वाक्यं, आणि तीही याच क्रमाने. रोज वीस मिनिटं दिली तर दोन-तीन आठवड्यांत एवढं तोंडात बसतं.

अक्षरं आधी का, ते सांगते. साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'एस' आणि 'एफ' यांतला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्टीत असतो, म्हणून तो वाटेतच गळतो. बी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी तर एकाच 'ई'वर संपतात. त्यात मराठीत व्ही आणि डब्ल्यू या दोघांना मिळून एकच 'व' आहे. म्हणून अक्षर नुसतं कधीच सांगू नये, त्याच्या जोडीला शब्द द्यावा: 'बी फॉर ब्राव्हो', 'डी फॉर डेल्टा', 'एस फॉर सिएरा', 'एफ फॉर फॉक्सट्रॉट'. विमानसेवेत १९५६ पासून हीच यादी चालते आणि मदतकेंद्रातल्या बहुतेकांना ती ओळखीची असते. सव्वीसच्या सव्वीस शब्द पाठ नसले तरी आपलं नाव, पत्ता आणि ट्रॅकिंग क्रमांक यांत येणाऱ्या अक्षरांचे शब्द कागदावर लिहून समोर ठेवावेत.

लेखीपुरावा
पूर्ण असहमत. फोनच चुकीचं हत्यार आहे, मग त्यासाठी भाषा शिकायची कशाला? फोनवर कबूल केलेलं तुमच्या हातात काहीच राहत नाही, कॉलचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे. ईमेल किंवा चॅटमध्ये शब्दकोश बघायला वेळ मिळतो, फोटो जोडता येतो, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. कुरिअरने विमानातून आलेल्या आंतरराष्ट्रीय मालाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. वस्तू फुटली असेल तर ती मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशीर झाला असेल तर ती ताब्यात दिल्यापासून २१ दिवसांत तक्रार करावी लागते, आणि करारात स्पष्ट म्हटलंय की ती लेखीच हवी. चौदा दिवस उत्तम इंग्रजीत फोन करत राहिलात आणि एक ओळ लिहिली नाहीत, तर दावा हातचा गेला.

पोचपावती
करार बरोबर सांगितलात, पण एक दुरुस्ती. टपाल खात्यामार्फत आलेल्या वस्तूंना ती मुदत लागत नाही, त्यांचे नियम जागतिक टपाल संघाचे. तिथे रजिस्टर्ड वस्तू आणि पार्सल यांची चौकशी करायला पोस्टात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने मिळतात. क्रमांकावरून ओळखता येतं: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, असा तेरा चिन्हांचा क्रमांक असेल तर ते टपाल. सुरुवात 'आर'ने असेल तर रजिस्टर्ड, 'सी'ने असेल तर पार्सल, 'ई'ने असेल तर ईएमएस, म्हणजे टपालाची जलद सेवा.

मूळ वादाबद्दल: फोन की लेखी, हे अडचण कुठली त्यावर ठरतं. गाडी आज फिरतीवर आहे आणि पत्ता चुकलाय, दार बंद होतं म्हणून 'डिलिव्हरी अटेम्प्टेड' पडलंय, किंवा पार्सल केंद्रात ठेवलंय आणि ठेवण्याची मुदत संपत आलीय, तर फोनच. ईमेलचं उत्तर येईपर्यंत पार्सल परतीला लागलेलं असतं, आणि 'रिटर्न टू सेंडर' स्कॅन झाल्यावर ते थांबवणं फार अवघड. उलट मोडतोड, गहाळ, कस्टम्सची कागदपत्रं, पैसे परत, इथे लेखीच. ट्रॅकिंगमध्ये 'ऑन होल्ड' (थांबवून ठेवलंय) किंवा 'एक्सेप्शन' (वाटेत काही अडचण आलीय) दिसलं तर फोनवर फक्त कारण विचारायचं, 'व्हाय इज इट ऑन होल्ड?' एवढंच, आणि पुढचं लिहून.

आणखी एक: पैसे परत मिळवायचा दावा सहसा पाठवणाऱ्याने करायचा असतो, कारण कुरिअरशी करार त्याचा. घेणाऱ्याने कितीही अस्खलित इंग्रजीत भांडलं तरी मदतकेंद्र 'प्लीज कॉन्टॅक्ट द सेंडर' म्हणणार. ते वाक्य ऐकलं की हुज्जत न घालता फोन ठेवावा आणि विक्रेत्याला लिहावं.

दुभाषी_हवा
सगळे ग्राहकालाच का कामाला लावताय? जगभर माल विकायचा तर ग्राहकाच्या भाषेत बोलायची जबाबदारी विकणाऱ्याची. काही मदतकेंद्रांत दुभाषी लाइनवर जोडून देण्याची सोय असते, पण न मागता कोणी देत नाही. मागायला एक वाक्य पुरतं: 'कॅन आय हॅव अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज?' मराठीचा नसला तर हिंदीचा मागा. वीस वाक्यं पाठ केलेला माणूस पहिलं वाक्य झकास बोलतो, समोरच्याला वाटतं याला इंग्रजी येतं, आणि तो सुसाट सुटतो. एकविसावं वाक्य कानावर पडलं की खेळ खलास. अर्धवट इंग्रजीने नुकसान जास्त होतं.

अक्षरओळख
जबाबदारी त्यांची, हे शंभर टक्के मान्य. पण पार्सल आज संध्याकाळी परत जाणार असेल तर ती जबाबदारी ते कधी पाळतील याची वाट बघता येत नाही.

'एकविसावं वाक्य' हा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून वीसपैकी निम्मी वाक्यं थांबवण्याची हवीत. 'प्लीज स्पीक स्लोली.' 'वन मोमेंट, आय ॲम रायटिंग.' 'कॅन आय रीड इट बॅक?' शेवटचं सर्वांत मोलाचं. त्याने सांगितलेलं आपण वाचून दाखवायचं आणि त्याने 'करेक्ट' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकण्याची कसोटी त्यामुळे निम्म्याने सोपी होते.

आणि अर्धवट इंग्रजी कुठे घात करतं, तेही नेमकं सांगता येतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे नकारार्थी प्रश्न. तो विचारतो, 'यू हॅवन्ट रिसीव्ह्ड इट?' मराठी मन म्हणतं 'हो, नाही मिळालं', आणि तोंडातून जातं 'येस'. इंग्रजीत त्या 'येस'चा अर्थ 'मिळालं'. तक्रार तिथेच बंद होऊ शकते. इथे येस-नो टाळून पूर्ण वाक्यच म्हणायचं: 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड इट.'

दुसरी जागा आकडे. आपण २५ ला 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस मागून. मनात मराठीत वाचून तोंडाने इंग्रजीत सांगायला गेलं की २५ चं ५२ होतं. ५९ ला तर आपण 'एकोणसाठ' म्हणतो, त्यात साठ ऐकू येतं, पन्नास नाही. म्हणून आकडा जोडीने वाचायचाच नाही, सुटा सुटा: 'टू, फाइव्ह'. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा घोळही त्यानेच मिटतो. 'डबल फाइव्ह' सगळीकडे कळत नाही, 'फाइव्ह, फाइव्ह' म्हणावं. शून्याला 'झीरो'च, 'ओ' नाही.

पोचपावती
आकड्यांच्या अदलाबदलीबद्दल एक बारकावा. टपालाच्या क्रमांकात नववा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उदाहरणार्थ ४७३१२४८२: बेरीज २००, बाकी २, म्हणून नववा आकडा ९. (वजाबाकी १० आली तर ०, ११ आली तर ५.) शेजारचे दोन आकडे उलटे झाले की हा हिशेब सहसा बसत नाही आणि समोरचा 'इनव्हॅलिड नंबर' म्हणतो. म्हणजे तिथली चूक बहुतेक वेळा पकडली जाते. घर क्रमांक, पोस्टल कोड आणि फोन नंबर यांना असं राखणदार नाही. २५ चं ५२ तिथे झालं तर गाडी सरळ दुसऱ्याच्या दारात. तुमचं 'रीड बॅक' सर्वांत जास्त पत्त्याला लागू आहे.

तारखांचंही तसंच. ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, कुठे ४ मार्च. महिन्याचं नावच घ्यावं. आणि 'परवा' आपल्याला मागेही चालतो, पुढेही. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे लांबलचक शब्दप्रयोग आहेत. ते आठवत बसू नये, वार आणि तारीख सांगावी.

लेखीपुरावा
आज फिरतीवर असलेल्या गाडीपुरता फोन मान्य करतो. पण मग दोन अटी. फोन ठेवण्याआधी 'व्हॉट इज माय केस नंबर?' हे विचारायचंच, आणि फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींची ईमेल: केस क्रमांक, तारीख, वेळ, त्याने काय कबूल केलं. त्याने दिलेली मुदतही लिहायची. 'विदिन टू बिझनेस डेज' म्हणाला असेल तर त्यात सुट्ट्या धरलेल्या नसतात, म्हणून 'व्हिच डेट?' विचारून तारीखच घ्यायची.

शिवाय हे सगळं आपण लावलेल्या फोनबद्दल. आपल्याला आलेला फोन ही वेगळी गोष्ट. 'युवर पार्सल इज स्टक' म्हणत कोणी भरभर इंग्रजीत ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागत असेल तर एकही वाक्य बोलायचं कारण नाही. फोन कापायचा, पावतीवरचा किंवा अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर आपण लावायचा.

दुभाषी_हवा
दुभाष्याचा आग्रह मी सोडत नाही. मात्र दुभाषी असला तरी ट्रॅकिंग क्रमांक आणि पत्ता आपणच सुटा सुटा सांगावा, हे पटलं. मधल्या माणसाकडूनही पंचवीसचं बावन्न होऊ शकतं. सराव कसा करायचा, तेवढं सांगा.

अक्षरओळख
दोन माणसं, दोन फोन, दोन खोल्या. समोरासमोर बसून नको, ओठ दिसले की कान आळशी होतो. एकाने अक्षरं आणि आकडे मिसळून तेरा चिन्हांचा क्रमांक आणि एक पत्ता वाचायचा, दुसऱ्याने लिहून परत वाचून दाखवायचा. मग कागद ताडून बघायचे. चुकलेली अक्षरं वेगळी लिहून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तीच जास्त घालायची. सलग पाच क्रमांक बिनचूक गेले की वाक्यांकडे वळायचं, आणि पहिलं वाक्य 'माय पार्सल इज मार्क्ड डिलिव्हर्ड, बट आय हॅव नॉट रिसीव्ह्ड इट' हेच घ्यायचं.