संज्ञापन आणि सांस्कृतिक सहभाग: पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे?

प्रश्न
साहित्यात पदवी घेतल्यानंतर मी एका संग्रहालयाच्या लोकसंपर्क विभागात नोकरी करते आहे. आता संज्ञापन (कम्युनिकेशन) आणि सांस्कृतिक सहभाग या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे. परंतु माहितीपत्रके वाचून हा जनसंपर्काचाच नवा अवतार आहे की स्वतंत्र अभ्यासक्षेत्र, हे उमगत नाही. शिवाय शेवटच्या सत्रात लघुप्रबंध किंवा क्षेत्रप्रकल्प यांपैकी एक निवडावा लागतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे, कारण या विषयात दोन घराणी नांदतात. पहिले घराणे संज्ञापनाकडे संदेशाचे वहन म्हणून पाहते; अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेले गणिती प्रारूप त्याच्या मुळाशी आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, संज्ञापनातूनच समाज स्वतःला घडवत आणि टिकवत असतो. अमेरिकी संज्ञापन-अभ्यासक जेम्स केरी यांनी १९७५ मध्ये हा भेद नेमकेपणाने मांडला. त्याआधी, १९७३ मध्ये, ब्रिटनमधील संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी दाखवून दिले होते की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, काही अंशी स्वीकारतो किंवा त्याच्या विरोधातही वाचतो. आपल्याच कामातले पाहा: काचपेटीतल्या वस्तूखाली ‘शोभेची वस्तू’ अशी पट्टी असते आणि ती वस्तू ज्या समाजाची, त्यातलाच एखादा प्रेक्षक ‘ही आमची पूजेची आहे’ असे सांगतो. जनसंपर्क त्याची तक्रार नोंदवून घेईल. या अभ्यासक्रमात मात्र ती पट्टी कोणी, कशाच्या आधारे लिहिली, इथून विचाराला सुरुवात होते, किंबहुना व्हायला हवी.

प्रतिसाद २
वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘सहभाग’ हा शब्द मात्र पारखून घ्यावा. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत लोकांना माहिती देणे आणि त्यांचे मत विचारणे या मधल्या पायऱ्या असून, त्यांची गणना नाममात्र सहभागात होते. निर्णयाचा अधिकार वरच्या पायऱ्यांवरच मिळतो. बहुतेक संस्था मत विचारण्यापाशी थांबतात आणि अहवालात त्यालाच सहभाग म्हणतात. नोकरीतच पुढे जायचे असेल तर क्षेत्रप्रकल्प घ्यावा, पुढे पीएच.डी. करायची असेल तर लघुप्रबंध.

प्रतिसाद ३
ही विभागणी मला फार सोपी वाटते. संशोधनपद्धतीचा पाया नसेल तर क्षेत्रप्रकल्पाचा कार्यक्रमाचा वृत्तान्त होतो: छायाचित्रे, उपस्थितांची संख्या आणि आभार. त्यामुळे संशोधनपद्धतीचा विषय सक्तीचा आहे का, हे आधी विचारावे आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन अहवाल मागून वाचावेत. ते दाखवायला विभाग टाळाटाळ करत असेल, तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. माझ्याच संग्रहालयात प्रकल्प करता येईल का?

प्रतिसाद २
करता येतो, पण आपण तिथे कर्मचारीही असाल आणि संशोधकही, ही अडचण प्रस्तावातच स्पष्ट मांडावी. नोकरीच्या ओघात कानावर आलेले प्रेक्षकांचे बोलणे परस्पर संशोधनाची सामग्री म्हणून वापरता येत नाही. त्यासाठी त्यांची स्वतंत्र संमती आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. ती मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून क्षेत्रकार्याचे सत्र सुरू होण्याच्या बरेच आधी मार्गदर्शकांशी बोलून अर्ज करावा.